उपासाच्या पेल्यात काय आहे?

एकादशीचा उपास कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत करायचा, हे धर्मशास्त्राने आकड्यांत सांगून ठेवले आहे. आठ वर्षे सरली की तो लागू होतो आणि ऐंशी पूर्ण झाली की सुटतो. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथातही हाच दंडक आहे. रोमन कॅथलिक चर्चचा आकडा निराळा. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातले १२५२ वे कलम साठावे वर्ष लागताच उपवासाचे बंधन काढून घेते. म्हणजे वसईजवळच्या निर्मळच्या एखाद्या वारकरी आजींना ऐंशीपर्यंत सुटका नाही आणि वाडीपलीकडच्या ख्रिस्ती आजींना एकोणसाठ पूर्ण होताच ती मिळालेली असते.

प्रत्यक्षात दोघीही थांबत नाहीत. ब्याऐंशीव्या वर्षी एकादशी चालू असते आणि पंचाहत्तरीत राखेचा बुधवार व गुड फ्रायडे कडकडीत पाळला जातो. ‘इतकी वर्षं केलं, आता कशाला मोडू?’ हे उत्तर दोन्ही घरांत सारखेच मिळते.

अशा घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू आली आहे. मुलगा किंवा सून सकाळची विरार लोकल पकडण्याआधी केमिस्टकडून प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणून ठेवते. आई उपासाला काही खात नाही, मग निदान दुधात दोन चमचे घालून घेऊ दे, हा त्यामागचा विचार. आई कुरकुरते. मग एक वाक्य पुढे येते आणि बहुतेक वेळा त्यावर वाद मिटतो : ‘आई, हे खाणं नाही, नुसतं पेय आहे. उपासाला चालतं.’

हे वाक्य खरे आहे का? प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी त्याच्यावर जगातल्या मोठ्या धर्मांनी शतकानुशतके डोके चालवले आहे. त्याचे दुसरे उत्तर माणसाच्या जठरात आहे आणि ते कोणत्याही शास्त्राला विचारून ठरलेले नाही.

वसई-विरारच्या पट्ट्यात तर हा प्रश्न एकाच वेळी पाच धर्मांच्या घरांतून उभा राहतो. निर्मळला कार्तिक वद्य एकादशीपासून यात्रा भरते. आगाशीत मुनिसुव्रतस्वामींचे जैन देरासर आहे. पोर्तुगीजांच्या दोन शतकांनी गावोगाव चर्चे उभी केली. नालासोपाऱ्यात रमजानच्या महिन्यात मगरिबच्या वेळी रस्ते बदलून जातात. आणि त्याच सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरून काढलेला बौद्ध स्तूप आहे, ज्यातून बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे मिळाले.

त्या भिक्षापात्रापासूनच सुरुवात करता येईल. दुपार उलटली की भिक्षूंनी जेवायचे नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्षुसंघाच्या शिस्तीचा, नियम. पण तहानलेल्या, थकलेल्या भिक्षूसाठी बुद्धांनी गाळलेल्या रसांची मुभा दिली. आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष अशी आठ पानके विनयपिटकात नावानिशी आली आहेत. धान्याची पेज मात्र त्यात बसत नाही आणि थेरवादी परंपरेत दूधही बसत नाही. ती दोन्ही अन्नात मोडतात. आजाऱ्यासाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे वेगळी ठेवलेली. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच पातळ पदार्थांची तीन खणांत वाटणी झाली होती : तहान भागवणारे, पोसणारे आणि बरे करणारे. दुधात कालवलेली प्रथिनांची पावडर सोपाऱ्याच्या एखाद्या भिक्षूपुढे ठेवली असती, तर त्याने ती दुपारनंतर हातात घेतली नसती.

जैनांचा हिशेब याहून काटेकोर. आहाराचे त्यांनी चार प्रकार केले : अशन, पान, खादिम, स्वादिम. चारही सोडले तर चौविहार. तीन सोडून फक्त उकळलेले पाणी ठेवले तर तिविहार. पेय हा इथे आहाराचाच एक प्रकार असल्यामुळे ‘नुसतं पेय आहे’ या वाक्याला जागाच उरत नाही.

हिंदू परंपरा सैल आहे आणि तिचा सैलपणा उघडपणे लिहून ठेवलेला आहे. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे एक जुने वचन निबंधकारांनी पुन्हापुन्हा दिले आहे : पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. शेवटची दोन नावे महत्त्वाची आहेत. शरीर अशक्त झाले की काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार शास्त्राने एका विश्वासू माणसाला आणि एका उपचाराला दिला. ज्याला निराहार झेपत नाही त्याने एक वेळ जेवावे, रात्री जेवावे, दूध-फळांवर राहावे. तेही जमत नसेल तर मुलाने, पतीने किंवा पत्नीने त्याच्या वतीने उपास करावा, इथपर्यंत सोय आहे.

या प्रश्नावर सर्वांत गमतीचा वाद युरोपात झाला. मेक्सिकोतून स्पेनमध्ये चॉकलेटचे पेय आले आणि उपवासाच्या दिवशी ते प्यावे की नाही यावर धर्मपंडित भांडू लागले. आंतोनियो दे लेओन पिनेलो याने १६३६ मध्ये माद्रिदला यावर अख्खे पुस्तक छापले. पातळ पदार्थाने उपवास मोडत नाही, हे चर्चमधले जुने सूत्र. पण चॉकलेट तहान भागवते की भूक, हा पेच होता. पाण्यात केलेले चालेल, दूध आणि अंडी घातलेले चालणार नाही, असा मधला मार्ग काढणारेही होते. कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी १६६४ च्या आपल्या ग्रंथात चॉकलेटच्या बाजूने कौल दिला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. तिथल्या चर्चमध्येही कायदा रोमचाच होता.

इस्लामने हा वाद जवळजवळ होऊच दिला नाही. रोजा पाण्याच्या घोटानेही सुटतो. पण ज्याला रोजा झेपत नाही अशा वृद्धाला तो ठेवायची सक्ती नाही. त्याने दर दिवसामागे एका गरजवंताला जेवू घालावे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत ही तरतूद आहे. आधुनिक काळात प्रश्न सुईपर्यंत आला. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्‌ह अकादमीने १९९७ मध्ये ठरवले की उपचाराच्या इंजेक्शनने रोजा सुटत नाही, मात्र पोषण देणारे द्रावण त्यातून वगळले. तोंडावाटे गेले की शिरेवाटे, यापेक्षा ते पोसते का, हे पाहिले गेले.

आता जठराकडे.

पाणी जठरात फार वेळ थांबत नाही. पेलाभर पाण्यातले निम्मे पंधरा-वीस मिनिटांत पुढच्या आतड्यात उतरते. पण त्याच पेल्यात साखर, प्रथिने, स्निग्धांश मिसळले की लहान आतडे जठराला थांबायचा निरोप पाठवते आणि कॅलरी मोजून-मापून, साधारण मिनिटाला दोन-तीन या गतीने खाली सोडल्या जातात. अडीचशे कॅलरींचा पेला रिकामा व्हायला दीड-दोन तास लागतात. घन अन्नापेक्षा हे सोपे असते, कारण दळण्याचे काम वाचते. दात नसलेल्या, चावताना दमणाऱ्या माणसाला पेय सोसते ते यामुळेच. पण आत गेल्यावर शरीर त्याला पाण्यासारखे वागवत नाही. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या माद्रिदमधल्या पंडितांना हे शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, तरी दूध-अंड्याचे चॉकलेट बाजूला काढणाऱ्यांचा अंदाज चुकला नव्हता.

म्हातारपणी या यंत्रणेत काही ठरावीक फरक पडतात. जठराचा वरचा भाग पूर्वीसारखा सैलावत नाही, म्हणून थोडक्यातच पोट भरल्यासारखे वाटते. जेवण झाल्याचा निरोप देणारे कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक वृद्धांच्या रक्तात जास्त आढळते. वास आणि चव मंदावतात. आम्ल कमी झाले असेल तर ब १२ जीवनसत्त्व अन्नातून नीट सुटत नाही. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज विकर भारतातल्या बहुसंख्य प्रौढांत कमीच असते. जोडीला औषधे आणि आतड्याची मंद हालचाल. अशा पोटात सकाळी अनशापोटी दाट, गोड, दुधातला मोठा पेला एका दमात गेला तर पुढचे परिणाम ठरलेले. दाट द्रावण आतड्यात पाणी ओढून घेते आणि मुरडा, जुलाब होतात. न पचलेल्या लॅक्टोजने गॅस धरतो. याउलट ज्या पेयात चोथा अजिबात नाही त्यावरच दिवस काढला, तर बद्धकोष्ठ वाढते.

आणखी एक धोका देवळाच्या रांगेत किंवा मिस्सेला उभे असताना कळतो. पिष्टमय, गोड काही पोटात गेले की आतड्यांकडे रक्त वळते. तरुण शरीर हृदयाची गती वाढवून तोल सांभाळते. वृद्ध शरीराला ते जमत नाही आणि पुढच्या तास-दोन तासांत रक्तदाब इतका उतरू शकतो की भोवळ येऊन माणूस पडतो. लोक म्हणतात, उपासाने चक्कर आली. कित्येकदा ती उपास असतानाच्या त्या गोड पेल्याने आलेली असते.

उपाय साधे आहेत. मोठा पेला दोन-तीन भागांत, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, सावकाश. दूध बाधत असेल तर दह्यावर किंवा ताकावर आधारलेले पेय, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात. ठसका लागत असेल तर पातळ पेय दाटसर करून. मधुमेह असेल तर डब्यावरची साखर वाचून, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून.

डब्यावरचे वाचायचे, हे विशेष महत्त्वाचे. युरोपातल्या वैद्यकीय पोषणतज्ज्ञांची संघटना कुपोषित वृद्धांसाठी पूरक पेयाचे जे किमान माप सांगते ते दिवसाला ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिने असे आहे, आणि ते निदान महिनाभर. पन्नास किलो वजनाच्या आजींची दिवसाची प्रथिनांची गरज ढोबळपणे पन्नास ग्रॅम. दुधाच्या पेल्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात. माल्टच्या साध्या पावडरीचे दोन चमचे त्यात फार तर दोन-तीन ग्रॅमची भर घालतात. बाकीचा बराच भाग पिष्ट आणि साखर. उपासाच्या साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जे काही बळ असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे, आणि कवळी नीट बसत नसली की आजी नेमका तोच बाजूला काढतात. मग डबा संपतो, पण पायातले बळ काही परत येत नाही.

या डब्यांना काय म्हणायचे, यावर सरकारलाही २०२४ मध्ये बोलावे लागले. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखालून अशी पेये काढून टाका, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाचा प्रकारच नाही.

एवढे कळल्यावर ‘हे खाणं नाही’ या वाक्याकडे पुन्हा पाहायला हवे. ते मायेपोटी बोललेले असते आणि त्याने आईच्या पोटात काहीतरी जाते. मग ते खरे आहे की नाही, याची चौकशी कशाला, असे कोणी विचारेल. ८० वर्षांच्या बाईच्या मनाची समजूत पटली, दूध पोटात गेले, आणखी काय हवे?

हरकत अशी की या समजुतीची किंमत तिचे शरीरच मोजते. खाणे नाही म्हटले की ते हिशेबात धरले जात नाही. मधुमेहाची गोळी ‘काही खाल्लं नाही’ म्हणून चुकवली जाते आणि पेल्यातली साखर मात्र गेलेली असते. किंवा उलट होते : गोळी घेतली जाते आणि पेला अर्धा राहतो. पाण्यासारखे समजून ते घटाघट प्यायले जाते. डॉक्टरांनी विचारले, ‘काय खाता?’ तर उत्तरात पेला येत नाही. आणि पेल्याने पोट भरलेले असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पारण्याचा वरणभात दोन घासांवर थांबतो, याचा कोणाला पत्ता लागत नाही.

दुसरे लेबल औषधाचे. तेही निर्दोष नाही. औषध म्हटले की चव विचारायची गरज उरत नाही, नको म्हणायचा हक्क जातो आणि एकटीने, उभ्याउभ्या, घड्याळाकडे बघून ते संपवायचे असते. घरचे सगळे पानावर बसलेले आणि आजींच्या हातात मापाचा चमचा, हे दृश्य पुष्कळ घरांत आहे. भूक मंदावलेल्या माणसाला चारचौघांत बसल्यावर दोन घास जास्त जातात. औषधाच्या वाटेने पेला आला की ती संगत सुटते.

गांधीजींना हा पेच स्वतःच्या आजारात भेटला. १९१८ च्या आमांशाने ते खंगले होते. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉ. दलालांनी सांगितले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजींनी दूध न पिण्याचे व्रत घेतलेले. कस्तुरबांनी तोड काढली : व्रत घेताना मनात गाय-म्हशीचे दूध होते, शेळीचे कुठे होते? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले, बरे झाले, कामाला लागले. पुढे आत्मकथेत त्यांनी स्वच्छ लिहिले की अक्षर पाळले गेले, व्रताचा आत्मा मोडला, आणि ही गोष्ट त्यांना सलत राहिली. जगण्याची, काम करण्याची इच्छा व्रतापेक्षा बळकट ठरली, हे त्यांनी झाकले नाही. कस्तुरबांच्या तोडग्याने जीव वाचला हे खरे. पण दूध हे दूधच होते, हे गांधीजींनी शेवटपर्यंत मान्य केले.

वसईतल्या आजींना गांधीजींपेक्षा एक सोय जास्त आहे. त्यांना पळवाटेची गरजच नाही. ऐंशीनंतर शास्त्राने, साठीत चर्चने, अशक्त झाल्यावर कुराणाने त्यांना सरळ दरवाजातून बाहेर सोडलेले आहे. पेला हे अन्न आहे, आणि आता अन्न घ्यायला तुला धर्माची परवानगी आहे, असे सांगता येते. चर्चच्या कायद्यात तर कम्युनियनआधीच्या, म्हणजे मिस्सेतला भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद घेण्याआधीच्या, तासाभराच्या उपवासातूनही वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे या तिघांना ९१९ व्या कलमाने वगळले आहे. शुश्रूषा करणाऱ्याचीही आठवण ज्या कायद्याला राहिली, त्याला घरातली परिस्थिती चांगली ठाऊक होती. आणि ज्याला भाकरीचा कण गिळता येत नाही, त्याला गरज पडल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येते; त्यात काही उणे राहिले असे चर्च मानत नाही.

तरीही आजी ऐकत नाहीत, आणि त्याचे कारण नेहमी श्रद्धाच असते असे नाही. जॉन मॉर्ली या वृद्धांच्या आजारांच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात म्हातारपणाच्या अरुचीकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. वयाबरोबर भूक शरीरातूनच ओसरते. नैराश्य, कवळी, औषधे, एकटेपणा तिला आणखी खाली ढकलतात. अशा माणसाला उपास सोपा जातो. किंबहुना एकादशी महिन्यातून दोनदा येते ती त्याला सोयीची वाटू लागते. मग गुरुवार येतो, संकष्टी येते, सोमवार येतो. घरातले कौतुकाने सांगतात, या वयातही किती कडक! वजन मात्र वर्षभरात चार-पाच किलोने उतरलेले असते.

इथे खरा धर्मप्रश्न उभा राहतो. हवेसे असताना सोडले तर तो त्याग. जे नकोच झाले आहे ते सोडण्यात काय सोडले? पंचविशीतल्या तरुणाची कसोटी ताटापासून दूर राहण्यात असते. ब्याऐंशीव्या वर्षी, भूक नसताना, चव नसताना, अर्धा तास बसून पेलाभर कढण संपवणे हे जास्त कष्टाचे असू शकते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. पंधराव्या अध्यायात तर चार प्रकारचे अन्न पचवणारा वैश्वानर अग्नी म्हणजे आपणच, असे भगवंत म्हणतात. त्या अग्नीला इंधन न पुरवणे ही मग कोणाची सेवा, हे एखाद्या कीर्तनकाराने एकादशीलाच श्रोत्यांना विचारायला हरकत नाही.

पेय कसे द्यायचे याचे शहाणपणही परंपरेत आहे. शरीरशुद्धीनंतर अग्नी मंद झालेला असतो, म्हणून आयुर्वेद आधी सैल, मग दाट अशा क्रमाने पेज वाढवतो : भाताचा नुसता निवळ म्हणजे मंड, शितांसकट पातळ ती पेया, दाट ती विलेपी. यामागची सावधगिरी आधुनिक वैद्यकाला दुसऱ्या महायुद्धानंतर कळली. छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना भरपूर खाऊ घातले आणि त्यातले काही दगावले. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम पिष्ट गेले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो. चातुर्मासात लागोपाठ अनेक दिवसांचे उपास करणाऱ्या, मुळात खंगलेल्या वृद्धाचे पारणे म्हणून काळजीने, थोडक्यापासून आणि गरज तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. मोठ्या पेल्याने नको.

वसईच्या स्वयंपाकघराला हे अपरिचित नाही. राजेळी केळ्यांची सुकेळी, कच्च्या केळ्याच्या पिठाची लापशी, नाचणीसत्त्व, मुगाचे कढण, ताक : यांतले पहिले दोन उपासालाही चालतात. मात्र केळ्याची लापशी पोटाला हलकी असली तरी तीत प्रथिने थोडीच; ती दुधाची किंवा दाण्याच्या कुटाची जोड देऊनच आणावी लागतात. आणि फारच खालावलेल्या माणसाला घरच्या लापशीने भरून काढता येत नाही. तिथे मोजून तयार केलेल्या पेयाला पर्याय नसतो. जुने म्हणून चांगले आणि डब्यातले म्हणून वाईट, असा हा मामला नाही.

पेल्याची दुसरीही एक दिशा आहे. समंतभद्र आचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात सल्लेखनेचा, म्हणजे आहार सोडत देह ठेवण्याच्या जैन व्रताचा, क्रम दिला आहे : आधी घन आहार कमी करत दूध वाढवायचे, मग दूध सोडून कोमट पाण्यावर यायचे, शेवटी तेही सोडायचे. पेज-दुधाची जी पायरी आजाऱ्याला वर घेऊन येते, त्याच पायरीवरून साधक खाली उतरतो. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथाऱ्याला, म्हणजे याच सल्लेखनेला, आत्महत्येच्या रांगेत बसवले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. महाराष्ट्राने याआधी पवनारला विनोबांना पाहिले होते. पोटाच्या जुन्या दुखण्यामुळे वर्षानुवर्षे मोजक्या, हलक्या आहारावर राहिलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध तिन्ही थांबवले आणि १५ तारखेला देह ठेवला. ते ८७ वर्षांचे होते.

चर्च हे मान्य करणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मार्च २००४ च्या भाषणात म्हटले की नळीने दिलेले अन्नपाणीसुद्धा जीव राखण्याचे नैसर्गिक साधन आहे, वैद्यकीय कृती नव्हे. वैद्यकात मात्र नळीचे पोषण बहुधा उपचारात मोजले जाते. म्हणजे हे अन्न आहे की नाही, हा माद्रिदचा वाद अतिदक्षता विभागापर्यंत आलाच. या दोन भूमिकांत सहज समेट होणारा नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : पेला किंवा नळी म्हणजे फक्त पाणी, त्यात विशेष काही नाही, असे कोणीही म्हणत नाही. विनोबांनी अन्न हे अन्न म्हणून नाकारले, पोपनी ते अन्न म्हणूनच द्यायला सांगितले. आणि विनोबांचा निर्णय शुद्धीत, स्वतःचा, जाहीर होता. भूक मेल्यामुळे नकळत घडणारा उपास त्याच्या पंगतीला बसवता येत नाही. त्यासाठी आधी डॉक्टरांकडे जावे लागते.

सर्वांत अवघड घर ते, जिथे आजींची स्मरणशक्ती गेली आहे. नातवंडांची नावे आठवत नाहीत, पण व्रत आठवते, आणि अशा वेळी रोजच एकादशी आहे असे वाटू लागते. पेला पुढे केला की तोंड मिटते. ‘आज एकादशी नाही’ म्हणावे तर एखाद्या दिवशी ती खरोखरच असते. ‘हे खाणं नाही’ म्हणावे तर ते खोटेच. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीपेक्षा हाताने, धीराने, थोडेथोडे भरवणे बरे, असा सल्ला अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या संघटनेने २०१४ मध्ये दिला. पण तोंड उघडायला काय बोलावे, हे त्यात नाही. व्रत न मोडणाऱ्या त्या आठ गोष्टींतली सातवी, गुरूचा शब्द, इथे उपयोगी पडू शकते. ज्या महाराजांवर, फादरांवर, मौलानांवर आजींचा आयुष्यभर विश्वास होता, त्यांनी एकदा घरी येऊन किंवा फोनवरून एवढेच सांगावे की आजी, तुमचं वय झालं, तुमचा उपास आता मुलाकडे दिला आहे, तुम्ही खा. यात एकही शब्द खोटा नाही, मुलाने उपास खरोखर धरला तर. संध्याकाळी आजी हे विसरतील. उद्या पुन्हा सांगावे लागेल.